एक गेट, चार शाळा: महापालिकेच्या प्राथमिक शाळेचे अनुभव

मुंबईत महापालिकेची शाळा ही बहुतेकदा एकच शाळा नसते. इमारत एक, गेट एक, पाण्याची टाकी एक, आणि मजल्यागणिक शाळा वेगळी. आमच्याकडे तळाला हिंदी, पहिल्यावर मराठी, दुसऱ्यावर उर्दू आणि तिसऱ्यावर तेलुगू होती. मुख्याध्यापक चार, घंटा एक, आणि ती वाजवणारा शिपाई कोणत्या शाळेचा यावरून कायमची धुसफूस. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड अशी आठ माध्यमं महापालिका चालवत आली आहे.

भाचीच्या प्रवेशाची घरात चर्चा चाललीय. "म्युन्सिपाल्टी नको" या मतावर सगळ्यांचं एकमत, आणि त्यातल्या एकानेही गेल्या वीस वर्षांत तसल्या इमारतीत पाऊल टाकलेलं नाही. म्हणून हा धागा. शिकला असाल, शिकवलं असेल, मूल घातलं असेल तर लिहा. चांगलं-वाईट दोन्ही चालेल, फक्त शाळेचं आणि शिक्षकांचं नाव नको.

सुरुवात माझ्यापासून. मधल्या सुट्टीत चारही शाळा एकाच जिन्यावरून खाली सुटायच्या. आम्ही ओरडायचो "सरक", वरचे तेलुगूवाले ओरडायचे "जरुगु", आणि हिंदी-उर्दूवाले दोघेही "हट". दोघे एकच बोलतात तर शाळा दोन कशाला, असं मी दुसरीत बाईंना विचारलं होतं. बाईंनी खडू घेतला, फळ्यावर एक रेघ डावीकडून उजवीकडे ओढली, दुसरी उजवीकडून डावीकडे, आणि म्हणाल्या, "यासाठी." आज विचार केला तर उत्तर अपुरं वाटतं. तेव्हा पटलं होतं.

परळ. पहिलीत १९७७ साली

वडील गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांचे वडील कुठल्या ना कुठल्या खात्यात. त्यामुळे "विविध वस्ती" वगैरे म्हणाल तर आमच्यात विविधता म्हणजे मालवण, चिपळूण, सातारा आणि एक नगरचा. भाषा मात्र तेवढ्यातही वेगळ्या. नगरचा पोरगा "नाय का" म्हणाला की मालवणी बाक हसायचं.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी पाचवीत होतो. आधी फरक कळला नाही. वार्षिक परीक्षा झाली, सुट्टीत सगळे गावी गेले, नेहमीसारखेच. जूनमध्ये शाळा उघडली आणि अर्धे बाक मोकळे. बाई हजेरी घ्यायच्या, नाव पुकारून थोडं थांबायच्या, मग पुढचं नाव. नंतर एकेकाचे काका-मामा दाखला न्यायला यायचे. काहींचा दाखला न्यायलाही कुणी आलं नाही. गावच्या शाळेत त्यांना कसं घेतलं, घेतलं की नाही, मला आजवर कळलेलं नाही. संपावर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण आमच्या सहावीच्या बाकांवर मी कुठे वाचलं नाही, म्हणून इथे लिहिलं.

गोवंडी. उर्दू माध्यम, आता मुलुंडला नोकरी

मराठी आम्हाला सक्तीचा विषय. शिकवायला बाई आल्या त्यांना उर्दू येत नव्हती, आम्हाला मराठी येत नव्हती. बरं झालं, दोन्ही बाजूंना शॉर्टकट नव्हता.

अडकलो "ळ"वर. आमच्या जिभेवर तो अक्षरच नाही. आणि गंमत बघा, मराठी शाळेत ळशिवाय काही होतच नाही: शाळा, फळा, वेळ, खेळ, ओळ, सकाळ. आम्ही "शाला", "फला". बाई रोज दहा मिनिटं जीभ उलटी वळवायला लावायच्या, चाळीस पोरी तोंडं वाकडी करून बसलेल्या. एकदा साहेब तपासणीला आले आणि दारातच थबकले. त्यांना वाटलं वेडावतोय.

ऑफिसात आता लोक म्हणतात, "तुमचं मराठी किती छान!" तारीफ आहे, कळतं. पण माझा जन्म गोवंडीचा, जाणार होते कुठे?

निवृत्त शिक्षिका, धारावी-सायन भागात २९ वर्षं

बाहेरच्यांना वाटतं की मुलं गरीब हीच अडचण. माझा अनुभव वेगळा. अडचण मुलं *हलतात* ही आहे. नाक्यावर काम करणाऱ्यांची मुलं दिवाळीनंतर यायची आणि होळीला गायब व्हायची. चार महिन्यांत जमेल तेवढं शिकवायचं, आणि पुढच्या वर्षी तेच मूल दुसऱ्याच शहरातून परत आलं तर पुन्हा अ-आ.

मी हिंदी माध्यमात होते. वर्गात भोजपुरी, अवधी, तमिळ, मारवाडी. "हिंदी माध्यम" हे नाव पाटीवर. पहिलीतल्या निम्म्या मुलांना पुस्तकातली हिंदी परकीच. "कुआँ" शिकवताना चित्र दाखवलं तर एक मुलगी म्हणाली "टाकी". तिचं चुकलं नव्हतं. तिने विहीर पाहिलीच नव्हती.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्यातल्या दोन गोष्टींनी माझं काम बदललं. एक, जन्मदाखला किंवा मागच्या शाळेचा दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. याआधी दारातून किती मुलं परत गेली असतील, आणि त्यात मीही कधी ना कधी "कागद आणा" म्हटलेलं आहे, ते मी नाकारत नाही. दुसरी, वयानुसार वर्ग. दहा वर्षांचा, कधीच शाळा न पाहिलेला मुलगा थेट पाचवीत. कायद्यात विशेष प्रशिक्षण लिहिलेलं आहे. माझ्या वर्गात ते प्रशिक्षण म्हणजे मी आणि मधली सुट्टी. तो मुलगा गणितात पहिला यायचा, तोंडी. भाजीच्या गाडीवर बसलेला, वजाबाकीत कोण हरवणार त्याला? पेपर वाचता येईना म्हणून शून्य. मी त्याला प्रश्न वाचून दाखवायचे. नियमात बसतं की नाही, कुणाला विचारायला गेले नाही.

आणि कागदांचंच निघालं म्हणून, जुन्या रजिस्टरात पाहा, अर्धा वर्ग १ जूनला जन्मलेला. आईला साल आठवायचं, "मोठ्या पावसाच्या वर्षी" वगैरे. महिना आम्ही घालायचो. शाळा जूनमध्ये सुरू, म्हणून १ जून.

प्रभादेवी

वरच्या "जरुगु"वाल्यांपैकी एक! आमची शाळा वेगळी, पण मजला तिसराच. आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आलेले, पद्मशाली. सातवीपर्यंत तेलुगू आणि आठवीला मराठी. काटकोन, लघुकोन, कर्ण हे शब्द पहिल्यांदा ऐकले तेव्हा कर्ण म्हणजे महाभारतातलाच वाटला. एक वर्ष वाया गेलं. राग आहे का? थोडा आहे. आधीपासून कुणी सांगायला हवं होतं की ही शिडी सातव्या पायरीवर संपते.

पाढे अजून तेलुगूतच येतात. दुकानात हिशोब करताना ओठ हलतात, गिऱ्हाईक बघत राहतं.

खिचडीवाली (बचत गट)

मी शिकवलं नाही, शिजवलं. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं, असा हिशोब. कॅलरी काय ते मला गटात आल्यावर कळलं. चार माध्यमांना एकच पातेलं. तिखट कमी घाल म्हणतात मराठीवाले, घाल म्हणतात वरचे. मी मधलं घालते, दोघं नाराज.

सोमवारी जास्त संपतं. का ते ज्याला कळायचं त्याला कळेल.

अंधेरी, पालक

मुलाला खासगीतून काढून महापालिकेच्या सीबीएसई शाळेत घातलं. तिथे प्रवेशाला सोडत असते. म्युन्सिपाल्टीच्या शाळेसाठी चिठ्ठी निघते हे सासूबाईंना खरंच वाटेना. नंबर लागला तेव्हा पेढे वाटावेत की लपवावं, घरात ठरेना.

बरं: फी नाही. २७ शालोपयोगी वस्तू मोफत, म्हणजे गणवेश, दप्तर, बूट-मोजे, वह्या, रेनकोट. वाईट: आमच्या शाळेत रेनकोट आला तेव्हा गणपती उठले होते आणि बूट दोन नंबर मोठे. बूट पुढच्या वर्षी झाले, रेनकोटही. तसं बघता वेळेवरच.

मुलाचा बाकावरचा जोडीदार रिक्षावाल्याचा, पुढचा बँकेतल्या शिपायाचा, मागची डॉक्टरची. जुन्या शाळेत सगळे आमच्यासारखेच होते. हे मी ठरवून केलेलं नाही, फी परवडत नव्हती. उगाच मोठेपणा नको.

वरचं वाचून थोडं कडू (माजी शिक्षक)

जिना, खिचडी, ळ, सगळं गोड आहे. पण पटसंख्या घसरतेय हेही लिहा. माझ्या इमारतीतला एक मजला कुलूपबंद झाला, बाकं एकावर एक रचलेली. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसरी कामं द्यायची नाहीत. वाचायला छान. मतदारयाद्यांच्या कामात वर्ग आठवडेच्या आठवडे शेजारच्या बाईंकडे. साठ पोरं एका खोलीत, आणि ३०ला एक शिक्षक हे प्रमाण कागदावर बरोबर, कारण मी कागदावर वर्गातच होतो.

पालक मूल काढून घेतात तेव्हा त्यांना नावं ठेवू नका. माझी स्वतःची मुलगी खासगीत होती.

कुर्ला, शाळा व्यवस्थापन समितीतली आई

वरच्या सरांना: बरोबर आहे तुमचं. तरी एक सांगते. समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या बायका हव्यात, म्हणून मला बोलावलं, सहीपुरतं. मीटिंग सकाळी अकराला, म्हणजे दोन घरची कामं बुडतात. पहिल्या मीटिंगला मी विचारलं, मुलींच्या संडासाला कडी का नाही? लिहून घेतलं. दुसऱ्या मीटिंगलाही लिहून घेतलं. तिसऱ्या मीटिंगला मी कडी आणि स्क्रू घेऊन गेले, नवऱ्याचा पेचकस पिशवीत. मुख्याध्यापक लाजले, शिपायाने बसवली. तेव्हापासून मीटिंगची वेळ विचारून ठरवतात.

१ जून

बाईंचं वाचलं आणि हसायला आलं. मी त्यातलाच. महापालिकेतच नोकरी केली, पाणी खात्यात. आमच्या चौकीवर १ जूनचे तिघे होतो, तिघांत एक केक. आई शेवटपर्यंत सांगायची की मी नारळीपौर्णिमेच्या आदल्या रात्रीचा, खोलीत गुडघाभर पाणी होतं.

महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम. म्हणजे मला ३१ मेला नारळ मिळाला. खऱ्या तारखेने ३१ ऑगस्ट झाला असता. तीन महिन्यांचा पगार आहे तो, बाई. तुमच्यापैकीच कुणीतरी घातलेला महिना. तरी दाखला तुमच्यामुळे मिळाला आणि नोकरी दाखल्यामुळे, त्यामुळे सोडून देतो. फक्त पुढच्या वेळी ऑगस्ट लिहा.