पंपरूमच्या कॉलमवरची पांढरी पावडर

सेक्रेटरी: पंपरूमच्या कॉलमच्या पायथ्याशी पुन्हा पांढरी पावडर आलीय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो घासून काढू, वरून पीओपी आणि रंग. रविवारी सुरू करू का?

बी-२०३: करा एकदाचं, पावसाळ्याआधी उरका.

काका, ए-५०१: थांबा हो. पीओपी म्हणजे कॅल्शियम सल्फेटच. ओल्या कॉलमला सल्फेटचाच लेप?

सी-१०४: हा लोणाच ना काका? गावच्या घराच्या भिंतीला लागायचा तसा. झाडला की गेला.

काका: वरचा लोणा झाडता येतो, आत काय चाललंय ते झाडता येत नाही. आपण खाडीला लागून. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण २.७ ग्रॅम सल्फेट असतं. काँक्रीट दगडासारखं दिसतं, पण आत केसाहून कितीतरी बारीक छिद्रांचं जाळं आहे. ओलीबरोबर सल्फेट त्यात शिरतं. सिमेंटमधल्या चुन्याशी गाठ पडली की जिप्सम तयार होतं. पुढे सिमेंटमधल्या अ‍ॅल्युमिनेटशी मिळून एट्रिंजाइट नावाचे स्फटिक. सूक्ष्मदर्शकाखाली बघा, नुसत्या सुया. त्याच्या सूत्रात पाण्याचे ३२ रेणू असतात, म्हणून जागाही तेवढीच लागते. छिद्रात ती नसते. सुया रेटतात, तडा जातो, तड्यातून आणखी पाणी आत.

ए-३०२: पण जिप्सम तर गोणीतल्या सिमेंटमध्येच असतं ना? मग बिल्डिंग पहिल्याच वर्षी का नाही फुटली?

काका: शाब्बास, हे विचारायला हवंच होतं. क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघालेले सिमेंटचे खडे, दळताना मुद्दाम थोडं जिप्सम घालतात, नाहीतर पाणी पडताच सिमेंट आवळून बसेल. तेव्हाही एट्रिंजाइट होतंच, पहिल्या काही तासांत. पण काँक्रीट ओलं असतं, सुयांना पसरायला वाव मिळतो. तीच सुई वीस वर्षांनी कडक काँक्रीटमध्ये वाढली की घात.

मॅग्नेशियम सल्फेट आणखी वाईट. ते सुयांवर थांबत नाही. काँक्रीटला धरून ठेवणारा जो चिकट पदार्थ, त्यातला कॅल्शियम हळूहळू ओढून घेतं. उरतं ते मॅग्नेशियम सिलिकेट, त्याला पकड नाही. काँक्रीट नखाने खरवडता येईल इतकं मऊ पडतं.

सी-१०४: बापरे. मी काल नखाने बघितलं, जरासं निघालं.

काका: घाबरू नका, वरचा गिलावाही निघू शकतो. आणि खरं सांगू, खाडीच्या पाण्यात क्लोराइड सल्फेटपेक्षा कितीतरी जास्त. त्याच्यामुळे सुयांची फुगवण उलट कमीच राहते, पण सळई गंजते. तपकिरी ओघळ आहेत का ते आधी बघा. मला जास्त भीती त्याची.

खजिनदार: मग करायचं काय? सल्फेटला दाद न देणारं सिमेंट मिळतं म्हणतात.

काका: मिळतं, भारतीय मानक आयएस १२३३० प्रमाणे. त्यात सुया घडवणारं अ‍ॅल्युमिनेट ५ टक्क्यांहून जास्त चालत नाही. पण ते नवीन कामाला, झालेल्या कॉलमला काय उपयोग? आधी पाणी कुठून येतंय ते बंद करा. मग स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. ड्रिलने वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी काढून लॅबला द्यायची, सल्फेट आणि क्लोराइड दोन्ही. खड्ड्यातलं पाणीही. नुसत्या वरच्या पावडरीवरून काही ठरवू नका.

सेक्रेटरी: ठीक, पीओपी रद्द. कॉन्ट्रॅक्टरला थांबवतो, इंजिनिअरला रविवारी बोलावतो.

बी-२०३: ड्रिल दुपारी दोन ते चार नको. आमचं बाळ झोपतं.