एकाच अक्षरात ‘चालणे’ आणि ‘आळी’ : चिनी शिङ् / हाङ्

मूळ प्रश्न

मंदारिन शिकायला लागून चार महिने झाले. परवा वर्गात ‘बँक’ हा शब्द मी ‘यिन्‌शिङ्’ असा वाचला. बाईंनी ‘यिन्‌हाङ्’ असा दुरुस्त केला. पहिलं अक्षर ‘चांदी’, त्याबद्दल शंका नाही. दुसरं मी पहिल्याच आठवड्यात ‘शिङ्’ म्हणून पाठ केलं होतं, अर्थ ‘चालणे’. कोश उघडला तर शिङ् आहे, हाङ् आहे, उतरत्या सुराचा आणखी एक हाङ् आहे, शिवाय हङ्. एका अक्षराला इतके उच्चार कशासाठी? आणि बँकेचा चालण्याशी काय संबंध?

(शेवटचा ङ् ‘वाङ्मय’मधला, त्यापुढे ‘ग’ नाही.)

उत्तर

ताई, तुमची चूक बहुतेक सगळ्यांची होते, माझीही झाली होती. आधी अक्षराचं चित्र पाहा : 行. आज ते सहा रेघांचं आहे, डावीकडे तीन, उजवीकडे तीन. पण शांग काळातल्या, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या, हाडांवर कोरलेल्या लेखांत ते सरळ चौकासारखं दिसतं, चार दिशांना फुटलेले चार रस्ते. इसवी सन १०० च्या सुमारास श्यू शन यांनी आपल्या कोशात त्याचा अर्थ माणसाची पावलं असा लावला, डावा अर्धा भाग म्हणजे छोटं पाऊल, उजवा म्हणजे थांबलेलं पाऊल. त्यांच्यासमोर ते हाडांवरचे लेख नव्हते. ते लेख म्हणजे प्राचीन लिपी आहे हे १८९९ मध्ये ओळखलं गेलं, आणि तेव्हा चौक पुन्हा दिसला. आजही ‘रस्ता’ या अर्थाच्या अक्षरात हेच अक्षर मधोमध फाकवून पोटात दुसरं अक्षर बसवलेलं असतं.

आता चौकात उभं राहून विचार करा. रस्त्यावरून माणूस चालतो, तो शिङ्. रस्त्याच्या कडेने दुकानांची ओळ असते, ती हाङ्. मला तर वाटतं, हे अक्षर मराठी माणसाला इतर कुणाहीपेक्षा लवकर कळायला हवं, कारण आपल्याकडे हे दोन्ही प्रवास आधीच झालेले आहेत.

शिङ् घ्या. मूळ अर्थ चालणे. पादचारी तो ‘शिङ्’वाला माणूस, आणि सायकल म्हणजे ‘स्वतः-चाल-गाडी’. पण बाजारात तुम्ही विचारता ‘शिङ् पू शिङ्?’ आणि समोरचा म्हणतो ‘शिङ्!’ त्याचं मराठी काय? ‘चालेल का?’ ‘चालेल!’ इंग्रजीतून शिकणाऱ्याला इथे ‘ओके’ असा वेगळा अर्थ पाठ करावा लागतो. आपण फक्त क्रियापद ओळखायचं. पुढे बघा, वागणूक या अर्थानेही हेच अक्षर येतं, आणि आपण ‘चालचलन’ म्हणतो. एखादा माणूस कर्तबगार असेल तर ‘तो शिङ् आहे’ म्हणतात. आपणही म्हणतो, त्याचं डोकं चालतं, हात चालतो.

हाङ् म्हणजे आधी ओळ, मजकुराची ओळसुद्धा. थांग काळात (इ.स. सातवं ते दहावं शतक) शहरांच्या बाजारात एका मालाची दुकानं एका ओळीत असत, आणि त्या ओळीलाच हाङ् म्हणत. ओळीवरून त्या मालाचा धंदा, धंद्यावरून धंदेवाल्यांचा संघ, आणि शेवटी पेढी. पुण्यातली तांबट आळी, बुरुड आळी आठवा. ‘आळी’ मुळात ओळच, संस्कृत ‘आलि’. ओळ, मग गल्ली, मग एका व्यवसायाची वस्ती. चिनी हाङ् त्याच वाटेने दोन पावलं पुढे गेला, इतकंच. तेव्हा यिन्‌हाङ् म्हणजे चांदीची पेढी. चीनमध्ये मोठे व्यवहार शतकानुशतकं चांदीत होत, हे लक्षात घेतलं की शब्द पुरता उलगडतो.

जाणकार तो ‘हाङ्’मधला, अनभिज्ञ तो ‘हाङ्’बाहेरचा. एक म्हण आहे, हाङ् वेगळा तर मध्ये डोंगर. भावंडांतला क्रम सांगतानाही हाच शब्द वापरतात, सगळी मुलं वयाप्रमाणे ओळीत उभी केल्यासारखी.

उरलेले दोन उच्चार सध्या बाजूला ठेवा. उतरता हाङ् झाडांच्या रांगेसाठी क्वचित येतो, आणि हङ् साधनेने मिळवलेल्या सिद्धीच्या शब्दात.

दुसरं उत्तर

वरचं सगळं पटलं, पण उच्चार वेगळे का झाले हे राहिलं. मी काही वर्षं ग्वांगजौमध्ये होतो. तिथल्या कँटनीज बोलीत चालणे म्हणजे ‘हाङ्’ आणि ओळ किंवा पेढी म्हणजे ‘होङ्’. दोन्हींची सुरुवात अजून ‘ह’नेच होते. मंदारिनमध्ये इकारापुढचा जुना ‘ह’ घासून ‘श’ झाला, म्हणून शिङ् आणि हाङ् एकमेकांना अनोळखी वाटतात. कँटनीज ऐकली की ती भावंडं आहेत हे कानालाच कळतं.

हा ‘होङ्’ मुंबईच्या इतिहासातही आहे. १७५७ ते १८४२ या काळात युरोपीय व्यापाऱ्यांना चीनमध्ये फक्त ग्वांगजौ बंदर खुलं होतं, आणि व्यवहार परवानाधारक चिनी पेढ्यांमार्फतच करावा लागे. त्या पेढ्या म्हणजेच होङ्. मुंबईहून कापूस आणि माळव्याची अफू तिकडे जायची. जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी चीनच्या सफरी करूनच मोठे झाले. जुन्या व्यापाराबद्दलच्या पुस्तकांत ‘हाँग व्यापारी’ वाचाल तेव्हा हेच अक्षर समजा. हाँगकाँगमधला ‘हाँग’ मात्र वेगळा, त्याचा अर्थ ‘सुगंधी’.

एक व्यावहारिक सूचना, संगणकावर काम करणाऱ्यांसाठी. चीनमध्ये तक्त्यातली आडवी रांग म्हणजे हाङ्. तैवानमध्ये उभा स्तंभ म्हणजे हाङ्! जुना मजकूर वरून खाली लिहीत, त्यामुळे ओळ उभीच असे, आणि तैवानने ती उभी ठेवली. दोन्हीकडच्या लोकांबरोबर एकच तक्ता भरायचा असेल तर आधी विचारून घ्या.

जपानीच्या बाजूने थोडं

जपानीत हेच अक्षर ग्यो, को आणि आन् असं वाचतात, कारण ते चीनमधून वेगवेगळ्या काळांत तीनदा पोचलं. शिवाय देशी क्रियापदं, इकु म्हणजे जाणे आणि ओकोनाउ म्हणजे करणे. बँक ‘गिन्‌को’, साधना ‘शुग्यो’. ‘आन्’ दुर्मिळ आहे, पण चाकणच्या वाहन कारखान्यांत काम केलेल्यांनी तो ऐकला असेल. उत्पादन थांबवायचा इशारा देणारा दिव्यांचा फलक ‘अँडन’, तो मूळ ‘आन्‌दोन्’, जुना कागदी कंदील, त्यातलं पहिलं अक्षर हेच.

आणि जपानी वर्णमालेच्या रांगा! ‘का-ग्यो’, ‘सा-ग्यो’, ‘ता-ग्यो’. त्यांचा क्रम आपल्या वर्णमालेवरून, सिद्धम् या संस्कृत लिहायच्या जुन्या भारतीय लिपीच्या अभ्यासातून गेला. आपण ‘क-वर्ग’ म्हणतो तिथे ते हे चौकाचं अक्षर लावतात.

पालीच्या विद्यार्थिनीकडून

धम्मपदातलं ‘सब्बे सङ्खारा अनिच्चा’ (सगळे संस्कार, म्हणजे घडलेल्या गोष्टी, अनित्य आहेत) चिनीत चार अक्षरांत येतं, आणि त्यात ‘सङ्खारा’साठी हेच शिङ् आहे. पंचस्कंधांतला, म्हणजे बौद्ध विचारात माणूस ज्या पाच घटकांचा बनतो त्यांतला, संस्कारही तोच. पण ‘चर्या’ या शब्दालाही चिनी भाषांतरकारांनी शिङ्च वापरलं. युआन श्वांग (शाळेच्या पुस्तकातला ह्युएन त्संग, जो पुलकेशी दुसऱ्याच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला) यांच्या नावे असलेल्या प्रज्ञापारमिता-हृदय या छोट्या बौद्ध सूत्राच्या चिनी पाठात पहिल्याच वाक्यात शिङ् म्हणजे चर्या, आणि थोडं पुढे शिङ् म्हणजे संस्कार. मला हे वाचताना पहिल्यांदा अडखळायला झालं. ‘चर्या’ समजते, चर् धातूच चालण्याचा. ‘संस्कार’ तसा नाही, त्यात ‘कृ’ आहे, घडवणं आहे. बहुधा शिङ्‌च्या ‘करणे, पार पाडणे’ या अर्थावरून तो निवडला असावा. संस्कृत पाठ शेजारी ठेवल्याशिवाय हा फरक मला तरी दिसला नसता.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘चालेल’ वाचल्यावर अक्षर एकदम ओळखीचं झालं. आज बाईंनी एक वाक्य दिलं, त्यात ‘यी हाङ् शिङ्, हाङ् हाङ् शिङ्’ असं आहे. लिहिताना हाङ् आणि शिङ् अगदी एकसारखे! मी अर्थ लावला, ‘एका धंद्यात चालला तो सगळ्या धंद्यांत चालतो.’ बरोबर आहे का?

उत्तर

अगदी बरोबर. आता बँकेचा प्रमुख हा शब्द वाचून पाहा, ‘हाङ्‌जाङ्’. त्यातल्या दुसऱ्या अक्षरालाही दोन उच्चार आहेत. ‘जाङ्’ म्हणजे प्रमुख किंवा वाढणे, ‘छाङ्’ म्हणजे लांब.