इम्पॅक्ट एड म्हणजे खिरापत नव्हे!

टेक्सासकर
काल शाळांच्या धाग्यावर 'करदाता' यांनी लिहिलं, "लष्करी तळाजवळच्या शाळांना वॉशिंग्टनहून इम्पॅक्ट एडची खिरापत मिळते, आणि आम्ही प्रॉपर्टी टॅक्स भरून मरतो." ते वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. इम्पॅक्ट एड म्हणजे करमुक्त सरकारी जमिनीमुळे शाळांचा जो टॅक्स बुडतो, त्यापोटी केंद्र सरकार देतं ते अनुदान.

इथे अमेरिकेत सरकारी शाळा मुख्यतः प्रॉपर्टी टॅक्सवर चालते आणि फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, जमिनीवर तो लावता येत नाही. सॅन अँटोनियोत लॅकलँड, फोर्ट सॅम ह्यूस्टन, रँडॉल्फ फील्ड या लष्करी तळांवरचे तीन स्कूल डिस्ट्रिक्ट (शाळा चालवणारे, त्यासाठी कर लावणारे विभाग) बघा. डिस्ट्रिक्टची हद्द म्हणजेच तळाची हद्द. कर लावायचा कुणावर? म्हणूनच १९५० साली ट्रुमनच्या सहीने हा कायदा झाला. जमीन सरकारने घेतली, त्याची ही भरपाई आहे. तीही १९६९ नंतर एकदाही पूर्ण मिळालेली नाही.

करदाता
ते तीन डिस्ट्रिक्ट मान्य. पण बहुतेक सैनिक तळाबाहेर भाड्याने राहतात. घरमालक टॅक्स भरतो आणि भाड्यातून वसूल करतो. मग त्याच मुलासाठी पुन्हा वॉशिंग्टनचे पैसे का? वर कमिसरीत, म्हणजे सैनिकांच्या किराणा दुकानात, सेल्स टॅक्स नाही. आम्हाला कोण देतं अशी सवलत?

सैनिकाची बायको
कमिसरी काढलीत म्हणून बोलते. तिथे बिलावर ५ टक्के सरचार्ज लागतो, तो कधी भरलाय का? टेक्सासात साध्या किराण्यावर बाहेरही सेल्स टॅक्स नाही, मग आमची सवलत कुठली? माझ्या मुलीने सहा वर्षांत चार शाळा बदलल्या. दर वेळी नवी चाचणी, आणि तेच अपूर्णांक पुन्हा पहिल्यापासून. हा खर्च नवी शाळा करते. तुमच्या हिशेबात तो कुठे बसतो?

करदाता
किराण्याचं बरोबर, माझी चूक. पण एक्सचेंजमध्ये, म्हणजे तळावरच्या इतर वस्तूंच्या दुकानात, टीव्ही, बूट, सगळं टॅक्सशिवाय मिळतं. आणि सैनिकाने आयकर नसलेल्या टेक्सासचा पत्ता ठेवायचा, नोकरी कॅलिफोर्नियात करायची, पगारावर राज्याचा आयकर शून्य. हे खोटं आहे?

सैनिकाची बायको
खोटं नाही. पण कॅलिफोर्नियात जायचं आम्ही ठरवलं नव्हतं, ऑर्डर आली होती. तुम्ही नोकरी बदलता तेव्हा कुणी हुकूम देतं का?

देवळालीकर
कॅम्पात वाढलो म्हणून सांगतो. आपल्याकडेही कलम २८५ प्रमाणे केंद्राच्या मालमत्तेवर राज्याला कर लावता येत नाही. भांडण तेच.

माजी शिक्षिका, न्यू मेक्सिको
दहा प्रतिसाद टीव्ही आणि बुटांवर घालवू नका. इम्पॅक्ट एड म्हटलं की तुम्हाला फक्त छावणी दिसते. मी आदिवासी रिझर्व्हेशनवरच्या (मूळ अमेरिकन जमातींसाठी राखीव प्रदेशातल्या) शाळेत नऊ वर्षं शिकवलं. वर्गात पावसाळ्यात बादल्या ठेवायचो. इमारतीसाठी बॉण्ड (कर्जरोखा) काढायचा तर तो फेडायला करपात्र जमीन लागते. रिझर्व्हेशनची जमीन केंद्राकडे ट्रस्टमध्ये, म्हणजे करमुक्त. डिस्ट्रिक्टला इम्पॅक्ट एड मिळे, पण राज्य आपल्या अनुदानातून त्यातला ७५ टक्के हिस्सा वजा करे. याविरुद्ध झुनी जमातीचा स्कूल डिस्ट्रिक्ट सुप्रीम कोर्टात गेला आणि २००७ मध्ये ५ विरुद्ध ४ ने हरला. वजावट बंद व्हायला २०२१ उजाडलं. तोपर्यंत माझी मुलं शाळा सोडून गेली होती.

करदाता
हे मला माहीत नव्हतं. रिझर्व्हेशनच्या मुलांना पैसे मिळायलाच हवेत. तळाबाहेरच्या मुलांबद्दल मत बदललेलं नाही.

टेक्सासकर
तुमची शंका कायद्यानेही धरली आहे. पैसे वाटायच्या सूत्रात तळावरच्या मुलाचं वजन १, बाहेरच्याचं फक्त ०.२०. रिझर्व्हेशनच्या मुलाचं १.२५. घरमालकाचा टॅक्स धरूनच हे आकडे ठरलेत. खिरापत अशी मोजून देतात का?

करदाता
०.२० असेल तर 'खिरापत' शब्द मागे घेतो. पण नुसत्या जमिनीपोटी जे पैसे जातात त्यांचं काय? १९३८ नंतर सरकारने घेतलेली जमीन तेव्हाच्या करपात्र मूल्याच्या १० टक्के असली की पात्र, तिथे सैनिकाचं एक मूल नसलं तरी. हा भाग बंद करावा असं ओबामा आणि ट्रम्प, दोघांच्याही अर्थसंकल्पांत सुचवलं होतं. दोघेही चुकले?

टेक्सासकर
हो, दोघेही. वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीच्या शेजारच्या हायलँड फॉल्स गावाला जाऊन या. गावाची केवढी जमीन अकादमीकडे आहे ते बघा. त्या जमिनीवर आज घरं, दुकानं असती आणि त्यांच्या टॅक्सवर गावाची शाळा चालली असती. तिथे मूल कुणाचं, हा प्रश्नच येत नाही.

माजी शिक्षिका, न्यू मेक्सिको
करदाता, पुढच्या वेळी खासदाराला पत्र लिहाल तेव्हा रिझर्व्हेशनच्या शाळांचंही लिहा. छतं अजून गळताहेत.