मदत हवी आहे: सर्पदंशाबद्दलचं आमचं साहित्य व्यावसायिक लेखकाकडून नव्याने कसं करून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यात सर्पदंशाबद्दल जागृती करणाऱ्या एका छोट्या संस्थेची मी सचिव आहे. काही सर्पमित्र, शाळामास्तर, एक निवृत्त आरोग्यसेविका आणि सवड होईल तसे मदत करणारे डॉक्टर, असा आमचा गोतावळा. आधी आम्ही फक्त घरात शिरलेले साप पकडून सोडायचो. आता माणूस दगावू नये यासाठी काय करता येईल, त्यावर भर आहे. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू होतात, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. २०२४ मध्ये केंद्राने यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. त्यातलं आमच्या हातात असलेलं काम म्हणजे लोकांपर्यंत नेमकी माहिती पोचवणं, आणि तिथेच आमचं घोडं अडलंय.

साहित्य आमच्याकडे भरपूर आहे. एक जाडजूड पुस्तिका, वेबसाइट, फेसबुक पान, शाळांसाठी स्लाइड, शिवाय व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पाट्या. ज्याला जसं सुचलं तसं त्याने लिहिलं आणि ते साठत गेलं. पुस्तिका उघडली की पहिल्यांदा सापांचं पर्यावरणातलं महत्त्व, मग सापांचं वर्गीकरण, मग अंधश्रद्धा. प्रथमोपचार जवळजवळ शेवटी. मण्यारीबद्दलचा मजकूर नमुन्यादाखल देते:

"मण्यार हा निशाचर सर्प असून त्याचे विष चेतासंस्थेवर परिणाम करणारे असते. दंशस्थानी वेदना व सूज अत्यल्प असल्याने रुग्णाकडून दुर्लक्ष होण्याची शक्यता असते. श्वसनस्नायूंचा पक्षाघात होऊन मृत्यू ओढवू शकतो. सबब सर्पदंश झाल्यास घाबरून न जाता तातडीने वैद्यकीय उपचार घ्यावेत."

यातलं अक्षरही चुकीचं नाही. पण आमच्या आरोग्यसेविका ताईंनी एका वाडीतल्या बचतगटाच्या बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा मी तिथे होते. बायका शांतपणे ऐकत होत्या. वाचून झाल्यावर मागे बसलेल्या एका काकींनी विचारलं, "ता सगळा खरा गो बाय, पण राती न्यायचा खंय?" त्याचं उत्तर पुस्तिकेत कुठेच नव्हतं. ताईंनी पुस्तिका मिटली आणि रात्री कुठल्या रुग्णालयात जायचं, वाटेत काय करायचं, काय मुळीच करायचं नाही, ते आपल्या भाषेत सांगितलं. तेवढ्याच भागाला बायकांनी प्रश्न विचारले. एकीने तर मोबाइलवर ते रेकॉर्ड करून घेतलं.

तेव्हापासून मला वाटतंय की हे लिहिणं ज्यांचा पेशा आहे अशा माणसाकडे सोपवावं. एका देणगीदाराने प्रसार साहित्यासाठी थोडे पैसेही दिले आहेत. कार्यकारिणीत मात्र दोन तट पडलेत. "माहिती आपली, अनुभव आपला, मग नुसतं लिहायचे पैसे कशाला?" असं काहींचं म्हणणं. एका सदस्याने इंग्रजी साहित्याचं मशीनकडून मराठी करून आणलं. व्याकरण ठीक होतं, पण त्यात आमची माणसं कुठेच नव्हती. आंब्याची बाग, कातळाचा सडा, दगडी गडगा, गवत कापणी, पडवीत झोपणं, काही म्हणजे काही नाही. इथे फुरसं (हाही विषारी साप) चावतं ते गडग्याचा दगड उचलताना किंवा गवताचा भारा बांधताना. तो प्रसंग डोळ्यांसमोर आल्याशिवाय इथला माणूस पाटी वाचायला थांबत नाही, हे मी पाहिलंय.

तर मंडळी, ज्यांनी असं काम केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी कृपया सांगा. आरोग्यविषयक मराठी लिहिणारा चांगला लेखक ओळखायचा कसा? त्याला काम समजावून देताना काय काय द्यावं लागतं? मोबदला शब्दांवर ठरवावा की कामावर? आणि सगळ्यात अवघड म्हणजे, डॉक्टरांनी तपासताना मजकूर पुन्हा "सबब"वर येऊ नये यासाठी काय करता येईल? पावसाळ्याआधी निदान पहिला टप्पा बाहेर पडावा अशी फार इच्छा आहे.

प्रतिसाद १

ताई, संस्थांसाठी आरोग्य आणि शेतीवर लिहिणं हा माझा व्यवसाय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, लेखकाकडे एकदम "नवी पुस्तिका लिहून द्या" अशी मागणी करू नका. आधी आहे ते सगळं त्याच्यासमोर ठेवा आणि काय ठेवायचं, काय काढायचं, काय कोणासाठी, एवढंच ठरवून मागा. हे काम वेगळं आणि त्याचे पैसे वेगळे. तुमच्या साहित्यात तीन वेगवेगळ्या वेळा एकमेकींत मिसळल्यात असं मला वाटतं. साप चावण्याआधीची वेळ, म्हणजे बिछाना कुठे घालायचा, सरपण कुठे रचायचं, बॅटरी आणि गमबूट का वापरायचे. चावल्यानंतरची पहिली काही मिनिटं. आणि रुग्णालयात पोचल्यानंतरची वेळ, जेव्हा नातेवाईक बाहेर बाकावर बसलेले असतात आणि आत काय चाललंय ते कळत नसतं. या तिन्ही वेळांना वाचणाऱ्याची मनःस्थिती निराळी असते. सापांचं पर्यावरणातलं महत्त्व पहिल्या वेळेत जरूर सांगा, दुसरीत त्याला एक ओळही देऊ नका.

तुमचा मण्यारीचा मजकूर मी असा लिहीन:

"रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात पहाटे दुखायला लागलं, उलटी झाली, पापण्या जड होऊन डोळे उघडेनात, तर मण्यार चावली असेल असं धरून चाला. अंगावर खूण दिसेलच असं नाही. दुखेल असंही नाही. उजाडायची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा."

मी यात शास्त्र कमी केलेलं नाही, फक्त घरातल्या माणसाला जे आधी दिसतं ते आधी ठेवलंय. मूळ मजकूर सापापासून सुरू होतो, आणि मण्यारीच्या बाबतीत साप बहुतेकदा कोणी पाहिलेलाच नसतो.

लेखक निवडताना त्याचे छापून आलेले लेख बघू नका. तुमचा एखादा परिच्छेद त्याला द्या, तो नव्याने लिहून घ्या आणि त्या नमुन्याचेही पैसे द्या. तो काय लिहितो यापेक्षा लिहिण्याआधी तुम्हाला काय विचारतो तिकडे लक्ष द्या. "हे कोण वाचणार, कुठे, किती वाजता" असं ज्याने विचारलं तो तुमच्या कामाचा. शब्दांवर दर मुळीच ठरवू नका. तुमच्या कामात शब्द घटवायचे आहेत, आणि घटवायला जास्त वेळ लागतो. टप्प्यांवर ठरवा, किती वेळा दुरुस्ती करून मिळेल तेही लिहून घ्या. आणि काहीही करून लेखकाला आरोग्यसेविका ताईंबरोबर दोन-चार वाड्यांत पाठवा. बचतगटातलं ते रेकॉर्डिंग मिळवता आलं तर मिळवाच. तुमच्या नव्या साहित्याचा कच्चा खर्डा त्यातच आहे.

प्रतिसाद २

मी सरकारी रुग्णालयात काम करतो, त्यामुळे तपासण्याबद्दल सांगतो.

वरच्या ताईंनी लिहिलेला परिच्छेद मी असाच्या असा भिंतीवर लावायला तयार आहे. फक्त "गिळायला किंवा बोलायला त्रास" हे घाला, आणि उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा हेही. बाकी सगळीकडे सारखंच सांगा: धीर द्या, चावलेला अवयव हलू देऊ नका, अंगठी, बांगड्या, जोडवी काढा, घट्ट बांधू नका, कापू नका, तोंडाने ओढू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. साप मारून किंवा पकडून आणायची गरज नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच असतं, आणि उपचार लक्षणं बघून करतात. सापामागे धावण्यात दुसरा माणूस चावून घेतो, हे अनेकदा घडतं.

रत्नागिरीत आहात म्हणून एक खास विनंती. फुरसं चावलेला माणूस सुरुवातीला चालता-बोलता असतो. "काही झालं नाही" म्हणून नातेवाईक घरी न्यायला बघतात, आणि नंतर हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जायला लागतं. आम्ही काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतो आणि गोठतंय का ते बघतो. ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला हे कोणी समजावलं तर आमचं निम्मं भांडण मिटेल. त्या तिसऱ्या वेळेसाठी एक स्वतंत्र पान कराच.

आता "सबब"बद्दल. मजकूर तीन-चार डॉक्टरांकडे फिरवू नका, प्रत्येक जण आपलं वाक्य घालणार. एकच डॉक्टर ठरवा आणि त्यांना दोनच प्रश्न विचारा: यात चुकीचं काय आहे? जिवाला धोका होईल असं काय राहिलंय? शब्द बदलायचा हक्क लेखकाकडे, वस्तुस्थिती बदलायचा डॉक्टरांकडे, हे आधीच बोलून घ्या. आणि रात्री प्रतिविष कुठे मिळेल ही माहिती पुस्तिकेत छापू नका, ती बदलते. तिची वेगळी पाटी करा, तिच्यावर महिना आणि वर्ष मोठ्या अक्षरात घाला, आणि दर महिन्याला रुग्णालयांना फोन करून खात्री करायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाका. व्हॉट्सॲपवर जुनी पाटी वर्षानुवर्षं फिरत राहते आणि माणसं चुकीच्या दाराशी जाऊन उभी राहतात.

प्रतिसाद ३

मी मूळचा संगमेश्वरकडचा, सध्या डोंबिवलीत. वेळापत्रक करताना गणपतीचे दिवस विसरू नका. वर्षभर बंद असलेली घरं आम्ही चाकरमानी तेव्हा उघडतो, घरात माणसं मावत नाहीत आणि निम्मी मंडळी ओटीवर, माजघरात जमिनीवर झोपतात. पावसाळा सरलेला नसतो. आम्हाला गावात रात्री कुठे न्यायचं तेही ठाऊक नसतं. ही माहिती निघण्याआधी मुंबईतच मिळायला हवी, वाडीच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. आमच्या मंडळात टाकायचं काम माझ्याकडे लागलं.

फोटोंकडेही बघा. कवड्या या बिनविषारी सापाला मण्यार समजून मारतात, आणि त्याहून वाईट म्हणजे मण्यारीला कवड्या समजून हात लावतात. कवड्याचे पट्टे डोक्याजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे शेपटीकडे ठळक. पण हे रात्री बॅटरीच्या उजेडात बघत बसू नका, असंही त्याच फोटोखाली लिहा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद मी कार्यकारिणीच्या बैठकीत वाचून दाखवले. मण्यारीचे दोन्ही परिच्छेद एकापाठोपाठ वाचल्यावर "पैसे कशाला" हा प्रश्न पुन्हा कोणी काढला नाही.

ठरलं ते असं. पुस्तिका सध्या बाजूला. पहिल्या टप्प्यात तीन वेळांची तीन पानं, आणि रुग्णालयांची तारखेसह पाटी. पाटीची जबाबदारी आमच्या एका सर्पमित्राने अंगावर घेतली आहे. डॉक्टर एकच. नमुना परिच्छेद म्हणून फुरशाचा मजकूर देणार आहोत, आणि निवडलेल्या लेखकाला ताईंबरोबर वाड्यांत फिरवणार. बचतगटातल्या त्या बाईंनी रेकॉर्डिंग आनंदाने पाठवलं. पुढे वर्षाची आखणी कामाच्या हंगामाप्रमाणे करू: पावसाआधी सरपण आणि बिछाना, गणपतीआधी चाकरमानी, मग भात आणि गवत कापणी, मग आंब्याच्या बागा. संगमेश्वरकर दादा, तुमच्याशी निरोपातून बोलते.

बागांवरून एक नवाच प्रश्न पुढे आलाय. आंब्याच्या हंगामात राखणीला असलेले बरेच गडी नेपाळी असतात, खोपीत राहतात, आणि त्यांना मराठी वाचता येत नाही. त्यांच्यासाठी मराठीचं भाषांतर करून चालणार नाही, ते आम्हाला आता पटलंय. नेपाळी मातृभाषा असलेला, आणि जमलं तर बागेत प्रत्यक्ष यायला तयार असलेला लेखक किंवा लेखिका कुणाच्या ओळखीत आहे का? नुसता आवाजी निरोप करून देणारं कोणी असेल तरी चालेल. मानधन रीतसर देऊ. कृपया इथे संपर्क टाकू नका, मला निरोप पाठवा.