मदत हवी आहे: २००७ ची पेट्रोल गाडी, अ‍ॅव्हरेज १७ वरून १२.५ वर. ट्यूनिंग करून घ्यावं का?

यवतेश्वर_पायथा (सातारा)

नमस्कार मंडळी. गाडी २००७ ची आहे. १०६१ सीसी, चार सिलिंडर, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी), गॅस किट नाही. ९६,००० किमी झालेत. आधी शहर आणि हायवे मिळून १७ च्या आसपास अ‍ॅव्हरेज होतं, आता १२.५ वर आलंय. वापर बहुतेक राजवाडा, पोवई नाका, एमआयडीसी असा आणि महिन्यातून दोनदा कराड.

लक्षणं अशी: सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते. पिकअप ठीक आहे. सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास येतो. प्लग काढले तर टोकाला काळी कोरडी काजळी. गाडी तापत मात्र अजिबात नाही, यवतेश्वरचा घाट चढतानाही काटा पहिल्या रेषेच्या वर जात नाही. दोन वर्षांपूर्वी ती तापायची, गॅरेजमध्ये काम करून घेतल्यापासून तो त्रास संपला. रेडिएटरचा फॅन चावी फिरवल्यापासून चालू असतो. पीयूसीवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.४२ टक्के आणि एचसी (न जळालेलं पेट्रोल) ३१० आहे, म्हणजे पास.

ऑइल, एअर फिल्टर आणि प्लग नवे टाकून झालेत. गॅरेजमध्ये सांगतायत की ट्यूनिंग, इंजेक्टर सफाई आणि ऑक्सिजन सेन्सर असं मिळून ९,००० होतील. करून घ्यावं का? आधी काय तपासावं?


कृष्णाकाठ (सांगली)

आधी १२.५ हा आकडा कसा काढला ते सांगा. हजाराचं पेट्रोल टाकून दिवा लागेपर्यंत चालवली असेल तर तो आकडा बाजूला ठेवा. दिवा लागायची जागा चढ-उतारावर लिटर-दोन लिटरने बदलते.

टाकी ते टाकी काढा. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलला, पहिल्या ऑटो कटपर्यंत (नोझल आपोआप बंद होईपर्यंत) भरा. त्यावर एक थेंब जास्त नको. ट्रिप मीटर शून्य करा, किमान २५० किमी चालवा आणि परत तिथेच पहिल्या कटपर्यंत भरा. किमी भागिले लिटर. असं दोनदा करा. कराडला जाणार असाल तर जाऊन-येऊन मिळून मोजा. कराड साताऱ्यापेक्षा खाली आहे, त्यामुळे नुसत्या जाण्याचा आकडा फसवा चांगला येतो.

टायरचा नंबरही बघा. १४५/८० आर १३ च्या जागी कुणी १५५/८० आर १३ बसवले असतील तर चाकाचा घेर जवळपास ३ टक्के वाढतो. तेवढे किमी मीटर कमी दाखवतो आणि न घडलेला तोटा कागदावर दिसतो.


पाना_नंबर_दहा (सातारा)

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. गाडी तापत नाही ही चांगली गोष्ट म्हणून तुम्ही लिहिलीत, माझ्या मते सगळं दुखणं तिथेच आहे.

या इंजिनचं पाणी ८० ते ९५ अंशांच्या मध्ये राहायला हवं. ते काम थर्मोस्टॅटचं. थंड असताना तो बंद असतो, पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं आणि इंजिन पाच-सात मिनिटांत गरम होतं. ८२ अंशांच्या पुढे तो उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. आपल्याकडे गाडी तापायला लागली की तो काढून टाकायचा आणि फॅन डायरेक्ट करून द्यायचा, अशी पद्धत पडली आहे. गाडी तापायची थांबते, पण ज्या कारणाने तापत होती ते कारण आत तसंच राहतं.

आता अ‍ॅव्हरेजशी संबंध काय? ईसीएमला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) इंजिनाचं तापमान कळतं ते पाण्याच्या सेन्सरवरून. पाणी ५५-६० अंशांवरच घुटमळत राहिलं तर ईसीएम समजतो इंजिन अजून थंड आहे आणि जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो, जुन्या गाडीत चोक ओढून ठेवल्यासारखं. कोरडी काळी काजळी, पेट्रोलचा वास, सीओ ०.४२, तिन्ही त्याच दिशेने बोट दाखवतात. पीयूसी पास आहे कारण तुमच्या गाडीची मर्यादा ०.५ टक्के आणि एचसी ७५० आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या आधी धूर साफ करणारा डबा) धड असलेल्या गाडीत सीओ ०.१ च्या खाली दिसायला हवा. पीयूसीचा कागद फेकू नका, फुकटचा रिपोर्ट आहे तो.

ट्यूनिंगबद्दल सांगतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत स्क्रू फिरवून मिक्स्चर बसवता यायचं. एमपीएफआयमध्ये मिक्स्चर ईसीएम ठरवतो. ट्यूनिंग म्हणून जे करतात ते थ्रॉटल बॉडी धुणं, प्लग घासणं आणि आयडल (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं तो वेग) बघणं. थ्रॉटल बॉडी जरूर धुवा, स्प्रे आणि फडकं पुरतं. पण थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू आणि थ्रॉटल सेन्सरचे स्क्रू कुणालाही सैल करू देऊ नका. ते हलले की आयडल सतत वर-खाली व्हायला लागतं आणि मूळ जागा परत सापडत नाही.

ऑक्सिजन सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजून पेट्रोल कमी की जास्त ते ईसीएमला सांगतो, पण त्यावर आत्ता खर्च नको. इंजिन गरम झाल्याशिवाय ईसीएम त्या सेन्सरचं ऐकतच नाही. नवा टाकलात तरी फरक दिसणार नाही.

उद्या सकाळी एवढंच करा. गाडी रात्रभर थंड झालेली असू दे. सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड होजवर (रबरी नळीवर) हात ठेवा, फॅनपासून बोटं लांब ठेवून. थर्मोस्टॅट चांगला असेल तर होज बराच वेळ गार राहतो आणि मग अचानक गरम होतो. पहिल्या दोन-तीन मिनिटांतच हळूहळू कोमट व्हायला लागला तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडा अडकलाय.


यवतेश्वर_पायथा

होज दुसऱ्या मिनिटालाच कोमट. घरापाशीच्या मेकॅनिककडे हाउसिंग (थर्मोस्टॅट बसतो ते घर) उघडून बघितलं, आत थर्मोस्टॅट नाहीच. पाणी तांबूस गढूळ आहे, कुलंट असं काही दिसत नाही. टायर मूळ मापाचेच आहेत. टाकी ते टाकी पण काढलं: २८६ किमीला २१.८ लिटर, म्हणजे १३.१.

नवा थर्मोस्टॅट लगेच बसवून टाकू का?


पाना_नंबर_दहा

थांबा. नुसता थर्मोस्टॅट बसवलात तर खंबाटकी घाट चढताना गाडी उकळेल आणि हेड गॅस्केटचं काम निघेल. तो का काढला होता ते आधी सोडवा. तांबूस पाणी म्हणजे ब्लॉकमधला गंज, आणि वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं असेल तर रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसलेले असणार.

क्रम असा ठेवा. रेडिएटर काढून रेडिएटरवाल्याकडे द्या, प्रवाह बघून तो सांगेल साफ होईल की कोअर (आतली नळ्यांची जाळी) बदलावा लागेल. घरी आणल्यावर इंजिन गरम असताना पुढच्या बाजूने हात फिरवून बघा (इंजिन आणि फॅन बंद करून), मध्येच गार पट्टा लागला तर तेवढ्या नळ्या अजून बंद आहेत. रेडिएटरची कॅप नवी टाका, रबर कडक झालेलं असतं आणि प्रेशर धरत नाही. वॉटर पंपाखालच्या छोट्या भोकातून पाण्याचा ओघळ दिसतो का बघा. दिसला तर पंप आत्ताच बदला.

मग थर्मोस्टॅट. विकत घेताना त्यावर कोरलेला अंक वाचा, ८२ मिळेल. बसवण्याआधी पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याने टांगा, तळाला टेकवू नका, आणि ताप मोजायचा नव्हे तर १०० अंशांच्या पुढे जाणारा थर्मामीटर सोडा. ८२ च्या आसपास उघडायला सुरुवात व्हायला हवी, उकळीला येईपर्यंत पूर्ण उघडलेला दिसायला हवा. नवे तुकडेसुद्धा कधीकधी उघडत नाहीत, म्हणून ही दहा मिनिटं घालवाच.

हाउसिंगच्या दोन्ही तोंडांवरचं जुनं गॅस्केट खरवडून काढा, गॅस्केट नवंच टाका. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे. कडेला जी छोटी हलणारी पिन असते ती वरच्या बाजूला आली पाहिजे, अडकलेली हवा तिथून निघते. बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत जातात, लांब पान्याने ताकद लावू नका.

भरताना कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. तयार मिसळलेलं मिळालं तर त्यात आणखी पाणी घालू नका. कॅप उघडी ठेवून, हीटरचा खटका पूर्ण गरमवर ठेवून इंजिन आयडलला चालू द्या. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. वरचा होज गरम झाला आणि बुडबुडे थांबले की कॅप लावा. हवा आत राहिली तर काटा उड्या मारतो. गरम इंजिनवर पुन्हा कॅप उघडायला जाऊ नका, वाफेने हात भाजतो.

फॅनही मूळ वायरिंगवर आणा. तो चावीला जोडलेला असेपर्यंत हायवेवर आणि थंडीत इंजिन गार होत राहील, शिवाय अल्टरनेटरवर फुकटचा भार.


कराडरोड (कराड)

वरचं सगळं बरोबर, पण १७ ची अपेक्षा सोडा असं मी सांगेन. पेट्रोल बदललंय. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणावर बसवलेल्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के पडेल. म्हणजे १७ चे १५.९ होतात. तेवढं कोणताही मेकॅनिक परत आणू शकत नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ऊस आणि डिस्टिलरी यांवर किती घरं चालतात ते सगळ्यांना माहीत आहे, तरी जुन्या गाडीवाल्याला हा हिशोब स्पष्ट कळायला हवा.

२००७ च्या गाडीत आणखी एक काम. टाकीपासून रेलपर्यंतचे (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीपर्यंतचे) रबरी फ्युएल होज हाताने दाबून बघा. मऊ चिकट झालेले किंवा वाकवल्यावर भेगा दिसणारे असतील तर इथेनॉल चालणारे होज आणि नव्या क्लिप टाका. हे अ‍ॅव्हरेजसाठी नाही, गळून आग लागू नये म्हणून. फ्युएल फिल्टरही बदला, इथेनॉल टाकीतला जुना मळ सोडवून पुढे आणतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, मोकळ्या जागेतल्या हवेची ओल इथेनॉल ओढून घेतं.

महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकून या इंजिनला फायदा नाही. सिगारेट लायटरला लावायची फ्युएल सेव्हर डबी तर घेऊच नका.


कृष्णाकाठ

एक गोष्ट राहिली: ब्रेक. १८ वर्षांच्या गाडीत कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिना सुकून अडकतात आणि पॅड डिस्कला चिकटून राहतं. हायवेवर दहा किमी चालवा, शेवटी ब्रेक कमीत कमी वापरून गाडी आपोआप थांबू द्या आणि चारही रिम जवळून हाताने चाचपा. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथे ब्रेक धरतोय. जॅकवर उचलून हाताने फिरवल्यावर चाक दोन-तीन फेरे सुटं फिरलं पाहिजे. पिना काढून पुसून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा, साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. मागे हँडब्रेकची केबल जास्त ताणलेली असते तीही बघा.

हवा थंड टायरमध्ये भरा, दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. पोवई नाक्यापर्यंत चालवून मग भरलीत तर गरम हवेमुळे दोन-तीन पीएसआय कमी भरली जाते.

एअर फिल्टर बदलून फरक पडला नाही यात नवल नाही. इंजेक्शनच्या गाडीत ईसीएम आत आलेल्या हवेच्या मापातच पेट्रोल सोडतो, चोंदलेल्या फिल्टरने पिकअप मरतं, अ‍ॅव्हरेज फारसं नाही.


यवतेश्वर_पायथा

झालेलं काम: रेडिएटर साफ (कोअर वाचला), कॅप, थर्मोस्टॅट ८२, कुलंट, फॅन मूळ स्विचवर, फ्युएल होज आणि फिल्टर. मागच्या डाव्या चाकाचा हँडब्रेक धरत होता, केबल सैल केली. काटा आता मध्याच्या किंचित खाली स्थिर. पहिली टाकी: ३०४ किमीला १९.९ लिटर, म्हणजे १५.३. पेट्रोलचा वास गेला.

तीन शंका. फॅन आता ट्रॅफिकमध्ये लागतो आणि बंद होतो, हे बरोबर ना? आणि ऑक्सिजन सेन्सर आता तपासावा का? घाट उतरताना न्यूट्रल केलं तर अजून थोडं वाढेल का?


पाना_नंबर_दहा

फॅन लागणं-बंद होणं हेच बरोबर आहे. ९५ च्या आसपास लागेल, थोडं उतरल्यावर बंद होईल.

सेन्सर आता तपासण्यात अर्थ आहे. इंजिन पूर्ण गरम, २,५०० आरपीएम, सिग्नलच्या वायरवर मल्टीमीटर. व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सतत वर-खाली झुलायला हवं. झुलत असेल तर सेन्सर चालतोय. सतत ०.२ च्या खाली असेल तर बदलण्याआधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट बघा. तिथून बाहेरची हवा आत ओढली गेली की सेन्सर पेट्रोल कमी आहे असं सांगतो आणि ईसीएम उगाच वाढवतो. थंड इंजिन सुरू केल्याबरोबर टिक-टिक आवाज येत असेल तर गॅस्केटच. बाजारातला स्वस्त ओबीडी डोंगल (ईसीएममधली माहिती मोबाइलवर दाखवणारा तुकडा) २००७ च्या गाडीला बहुतेक जोडला जाणार नाही, त्या मॉडेलचा स्कॅनर असलेलं गॅरेज गाठा. प्लगही पुन्हा काढून बघा, ५०० किमीनंतर टोक फिकट तपकिरी दिसायला हवं.

न्यूट्रल अजिबात नको. गिअरमध्ये असताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून पूर्ण काढला की ईसीएम इंजेक्टर बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रलमध्ये इंजिनला आयडलसाठी पेट्रोल लागतंच, आणि सगळा भार ब्रेकवर जातो. यवतेश्वर उतरताना दुसरा गिअर ठेवा, वळण मोकळं असेल तर तिसरा.