मदत हवी आहे: पहिली शॉटगन, बारा बोअर की वीस गेज?

नमस्कार मंडळी,

मी मिनेसोटात राहतो. एप्रिलपासून दर शनिवारी ट्रॅप शूटिंगला (हवेत उडवलेल्या चकत्या बंदुकीने फोडायचा खेळ) जातोय आणि येत्या ऑक्टोबरात ऑफिसमधला एक मित्र फेझंट या रानपक्ष्याच्या शिकारीला नेणार आहे. फायरआर्म्स सेफ्टीचा कोर्स झाला (१९७९ नंतर जन्मलेल्यांना इथे शिकारीच्या लायसन्ससाठी तो लागतो). घरात मुलगा लहान आहे, म्हणून बंदुकीआधी तिजोरी घेतली. आता शॉटगन (छर्ऱ्यांची बंदूक) घ्यायची, पण एकच. दोन्हीकडे चालेल अशी.

आतापर्यंत उसनी बारा बोअर वापरली (बोअर म्हणजेच गेज; आकडा मोठा तितकी नळी बारीक), एकावर एक नळ्यांची दुनळी. पहिल्या दिवशी २५ चकत्यांपैकी ७ फुटल्या. शेजारच्या जागेवरून नेम धरणाऱ्या आजोबांनी मला दोन्ही तळव्यांचा त्रिकोण करून त्यातून लांबचा खांब बघायला लावला, मग एकेक डोळा मिटायला सांगितलं. उजवा मिटला तरी खांब जागच्या जागी, डावा मिटला की गायब. म्हणजे मी उजव्या हाताचा, पण नेम धरतो डावा डोळा! त्यांनी चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा छोटासा तुकडा लावला आणि पुढच्या फेरीत १४ फुटल्या. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

पण दुसऱ्या दिवशी खांदा काळानिळा. माझी उंची पाच फूट चार इंच, त्या बंदुकीचा दस्ता (खांद्याला टेकवायचा भाग) मला लांब पडत होता, हे नंतर कळलं. म्हणून वीस गेजचा विचार आला. वजनाला हलकी, दिवसभर गवतातून चालायला बरी. पण हलकी बंदूक जड काडतुसाला उलट जास्त धक्का देते असंही ऐकलं. शिवाय पुढेमागे बदकांना जायचं झालं तर शिशाचे छर्रे चालत नाहीत (१९९१ पासून अमेरिकाभर बंदी आहे). स्टीलचे हलके, म्हणून मोठे घ्यावे लागतात, आणि मग बारा बोअरच्या काडतुसात ते जास्त मावतात.

माझा कल गॅसवर चालणाऱ्या बारा बोअर सेमी-ऑटोकडे आहे (बाराच्या गॅसनेच पुढचं काडतूस आपोआप चढतं), २८ इंची नळी, बदलता येणारे चोक (नळीच्या तोंडाशी बसवायचे, छर्रे किती पसरतील ते ठरवणारे). गॅसमुळे धक्का थोडा पसरतो आणि ट्रॅपला हलकी काडतुसं वापरता येतील. बेरेटा ए३०० हातात धरून पाहिली, गालाला छान बसली. मित्र म्हणतो, मॉसबर्ग ५०० पंप घे, उरलेल्या पैशांची काडतुसं घे. त्याचंही पटतं, पण पंपात दर बारानंतर हाताने ओढून पुढचं काडतूस चढवावं लागतं, आणि ट्रॅपच्या डबल्समध्ये (एका वेळी दोन चकत्या) पंप ओढताना दुसरी चकती हातची जाईल अशी भीती वाटते.

जाणकारांनी सांगावं:

सेमी-ऑटोची रिकामी काडतुसं उजवीकडच्या माणसावर उडतात. त्यासाठी लावायची क्लिप टिकते का?

फेझंटला इम्प्रूव्हड सिलिंडर चोक (छर्रे जास्त पसरवणारा) लावू की मॉडिफाइड (कमी पसरवणारा)? कुत्रा जवळूनच पक्षी उठवतो म्हणे.

दस्ता कापून घ्यावा, की आखूड दस्त्याचं मॉडेलच शोधावं?

आणि सर्वात महत्त्वाचं: चिकटपट्टी लावून उजव्या खांद्यावरच राहू, की आत्ताच डाव्या खांद्यावरून शिकू? डावीकडून शिकायचं तर बंदूकही डावखुऱ्यांची बघावी लागेल, म्हणून हे ठरल्याशिवाय दुकानात जाणार नाही. कुणी असं खांदा बदललेलं असेल तर किती महिने लागले, तेवढं नक्की लिहा.