'युबिक्विटस'ला मराठीत काय म्हणावं? 'सर्वव्यापी' खटकतंय

वाटसरू:
एका मासिकासाठी लेख मराठीत आणतोय. माणसांना एकत्र येऊन काही घडवता यावं म्हणून केलेल्या 'इंटरॅक्टिव्ह' आणि 'युबिक्विटस' तंत्रांबद्दलचं संशोधन असा विषय आहे. परिभाषा कोशाच्या वळणाने शीर्षक केलं: 'सर्जनशीलता व समुदायांसाठी परस्परसंवादी व सर्वव्यापी तंत्रज्ञान'. बायकोला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "देवस्थानाची देणगी पावती वाटतेय." तिचं बरोबर आहे. 'सर्वव्यापी' म्हटलं की परमेश्वर आठवतो, संगणक नाही. दुसरं काही सुचतंय का?

बाभळीचा काटा:
देवाचा वास मूळ शब्दालाही आहेच. लॅटिन 'युबिक्वे' म्हणजे सर्वत्र. ख्रिस्त देहानेही सर्वत्र असतो, या ल्यूथरपंथीयांच्या मतावरून सोळाव्या शतकात जे वाद झाले, ते याच शब्दाभोवती. तेव्हा व्युत्पत्तीने तुमचा 'सर्वव्यापी' चूक नाही.

पण संगणकाला हा शब्द चिकटवला मार्क वायझर या संगणकशास्त्रज्ञाने, 1988 च्या सुमारास, कॅलिफोर्नियात पालो आल्टोच्या झेरॉक्स संशोधन केंद्रात. 1991 साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्याने तो सविस्तर मांडला. तीन मापांचे संगणक: चिठ्ठीएवढे 'टॅब', कागदाएवढे 'पॅड', फळ्याएवढे 'बोर्ड'. एका खोलीत शंभरेक टॅब, दहावीस पॅड, एखाददुसरा बोर्ड. मात्र संख्या हा त्याचा मुद्दाच नव्हता. त्याच्यापुढे नमुना होता लेखनाचा. दुकानाची पाटी वाचायला आपण बसत नाही, ती वाचली जाते. संगणकानेही तसंच लक्षातून निघून जावं, हे त्याचं म्हणणं. 'सर्वव्यापी'मध्ये हे लक्षातून जाणं कुठे आहे?

टवाळ:
देव तरी कुठे दिसतो?

बाभळीचा काटा:
दिसत नाही, पण त्याची आठवण ठेवावी लागते. वायझरला तेच नको होतं.

कोपऱ्यातला:
याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे त्याच केंद्रातली एक दोरी. नताली जेरेमिजेंको या कलावतीने केलेली. छताला छोटी विजेची मोटर, तिला लोंबणारी आठ फुटी प्लॅस्टिकची दोरी, आणि मोटर जोडलेली शेजारच्या इथरनेटच्या, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या, तारेला. तारेतून माहितीचा कण गेला की दोरीला बारीकसा झटका. नेटवर्कवर गर्दी असली की दोरी वेड्यासारखी गरगरणार, आवाज करणार. शुकशुकाट असला की काही सेकंदांनी एखादी थरथर. बोळाच्या एका रिकाम्या कोपऱ्यात टांगलेली. पडदा नाही, आकडे नाहीत. खोलीत बसल्या बसल्या कानावर पडतं की आज नेटवर्क तुंबलंय. आपल्याकडे पावसाचा जोर पत्र्यावर ऐकून कळतो, खिडकीपाशी जावं लागत नाही, अगदी तसं. वायझर आणि त्याच केंद्रातले जॉन सीली ब्राउन यांनी अशा तंत्राला इंग्रजीत 'calm', म्हणजे शांत, असं विशेषण दिलं.

म्हणून माझं मत 'मुरलेलं' या शब्दाला. लोणचं मुरतं, पाणी जमिनीत मुरतं, ताप अंगात मुरतो. आहे सगळीकडे, पण वेगळं काढून दाखवता येत नाही. 'मुरलेलं तंत्र'.

टवाळ:
आणि खिशातला फोन, भिंतीवरचा कॅमेरा, घड्याळ, सगळे मिळून आपल्यावर नजर ठेवतात तेव्हा 'कुठेतरी पाणी मुरतंय' हेही आपोआप येतं. एका क्रियापदात संशोधन आणि संशय दोन्ही. सर्वव्यापीच्या बापाला जमणार नाही.

वाटसरू:
हे झकास! पण संपादकांना पचेल का?

बाभळीचा काटा:
घरगुती शब्दाला बिचकू नका. जपानमध्ये केन साकामुरा या संगणकशास्त्रज्ञांनी 1984 साली संगणक प्रणालीचा 'ट्रॉन' प्रकल्प सुरू केला. याच जातीच्या कल्पनेला त्यांनी नाव दिलं 'दोकोदेमो कॉम्प्युटर'. 'दोकोदेमो' म्हणजे 'कुठेही', अगदी पोरासोरांच्या तोंडचा शब्द.

गंधार:
मला 'परस्परसंवादी'वर बोलायचंय. बोली मराठीत 'परस्पर' म्हणजे आपल्याला न विचारता. "भावाने जमीन परस्पर विकली." तेव्हा परस्परसंवादी यंत्र म्हणजे मला वगळून आपसात कुजबुजणारं यंत्र वाटतं (आताशा ते खरंही आहे). नुसतं 'संवादी' पुरे. तो आमच्या गाण्यातला शब्द आहे, भूप रागात गंधार वादी (मुख्य सूर), धैवत संवादी (त्याच्या जोडीचा), पण इथे बसतो. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात झालेलं 'रिॲक्टेबल' पाहा. उजळलेलं गोल टेबल, त्यावर ठोकळे ठेवायचे, फिरवायचे, एकमेकांजवळ सरकवायचे, की सूर बदलतो. चारजण चार बाजूंनी एकाच वेळी वाजवू शकतात. हा संवाद. एटीएम मात्र बटण दाबलं की उत्तर देतं, त्याला 'प्रतिसादी' म्हणा. इंग्रजी दोन्हींना एकच शब्द लावते, आपण कशाला लावायचा?

शुद्धलेखनी:
'सर्जन' लिहिलंत, आभार. हल्ली 'सृजन' सगळीकडे दिसतं. सृज् धातूचं नाम 'सर्जन'च होतं. आपण गणपतीचं विसर्जन करतो, विसृजन नाही.

टवाळ:
पण 'सर्जनशील' वाचून काहींना सिव्हिल सर्जन आठवतात त्याचं काय?

खिळेजुळारी:
राहिला 'समुदाय'. मी आयुष्यभर छापखान्यात खिळे (शिशाची अक्षरं) जुळवले, म्हणून या विषयातली एक गोष्ट मला जवळची. 1981 ते 1985 या काळात उत्तर युरोपात 'युटोपिया' नावाचा प्रकल्प झाला. वृत्तपत्रांत संगणक येणार, खिळे जाणार, हे दिसत होतं. तिथल्या मुद्रण कामगारांची संघटना आणि पेले एन वगैरे संशोधक एकत्र बसले आणि पानं लावायचं यंत्र कसं हवं ते कामगारांनीच ठरवायला घेतलं. यंत्र तयार नव्हतं, तर पुठ्ठ्याचे आणि लाकडाचे खोटे नमुने करून त्यांवर काम करून पाहिलं. आमच्याकडे संगणक आला तेव्हा आम्हाला फक्त तारीख कळवली होती.

ह्या लोकांना 'समुदाय' म्हणालात तर मेळाव्याची गर्दी वाटते. 'समाज' म्हणालात तर मराठीत लगेच जात येते, "आमच्या समाजात" म्हणतात तसं. 'मंडळी' म्हणा. कामावरची मंडळी, गल्लीतली मंडळी. जो तो आपापल्या जागी, आणि तरी एकत्र.

वाटसरू:
पाठवलं: 'मुरलेली, संवादी तंत्रं: सर्जनासाठी, मंडळींसाठी'. संपादकांचं उत्तर आलं. 'संवादी' आणि 'मंडळी' मंजूर. 'मुरलेली' नाही, पान उलटणारा वाचक लोणच्याची पाककृती समजेल म्हणे. 'ठायी ठायी' चालेल का, विचारतायत.

कोपऱ्यातला:
शीर्षकात ठेवा. लेखात मात्र मुरवा.

शुद्धलेखनी:
आणि 'ठायी'वर अनुस्वार देऊ नका.